दुसरा रिमोट

पृथ्वीवर आपण एकटेच उरलो आहोत, ही कल्पना लहानपणी ज्याने केली नाही असा माणूस विरळा. वाङ्मयात ती बहुधा भयाची म्हणून येते. साथ येते, प्रलय होतो, युद्ध होते आणि कुणी एक जण मागे उरतो. मुलांच्या मनात मात्र ती चैनीच्या वाटेने शिरते. गावातली सगळी दुकाने उघडी आहेत, गल्ल्यावर कुणी नाही, शाळेला कुलूप आहे आणि हवे ते हवे तितके आपले आहे. या चैनीचे मूळ एकांताच्या ओढीत शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. ते पाळीत आहे, असे आमचे मत झाले आहे. ज्या घरात एका वस्तूकडे सहा हात धावतात, त्या घरातले मूल मनातल्या मनात जग रिकामे करून पाहते, कारण त्याला आपला नंबर लवकर यायला हवा असतो.

आम्ही तीन भावंडे आहोत: थोरला, मधला आणि धाकटी. हे टिपण आमच्यापैकी एकाने लिहिले असले तरी तिघांनी वाचून आणि दोन जागी हुज्जत घालून मान्य केले आहे. त्यामुळे यातले 'आम्ही' मराठी निबंधकाराच्या रूढ ऐटीचे नाही. ते संख्येने आलेले आहे, आणि मध्यंतरी काही काळ ते खरे राहिले नव्हते.

आमचे घर सांगलीला, गावभागात. १९९५ च्या सुमाराला आम्ही अनुक्रमे तेरा, दहा आणि सात वर्षांचे होतो. रात्री वीज गेली की गच्चीवर सतरंजी टाकून पडायचे आणि आळीपाळीने सांगायचे, की उद्या सकाळी उठल्यावर पृथ्वीवर आपण एकटेच असलो तर काय करू. थोरल्याचा बेत ठरलेला असे: पेठेतल्या दुकानातून टीव्ही गेमच्या सगळ्या कॅसेटी आणायच्या आणि कुणालाही हात लावू न देता पहाटेपर्यंत खेळायचे. मधल्याला नगर वाचनालयाची किल्ली हवी असे. एका वेळी एकच पुस्तक मिळण्याची अट त्याला जाचत होती. धाकटीची पाळी शेवटी येई. एका रात्री तिने आपला बेत न सांगता थोरल्याला विचारले, "पण दादा, तुझ्या त्या पृथ्वीवर मी कुठे असेन?"

थोरला म्हणाला, "तू नसशीलच."

"आणि आई?"

"कुणीच नसेल. तसा नियमच आहे."

धाकटी रडत खाली गेली. नियम बरोबर होता, आणि तिचे रडणेही बरोबर होते. जग रिकामे करताना आरंभ कुठून करावा लागतो, हे तिने आमच्याआधी ओळखले होते. अनोळखी माणसे काय, ती कल्पनेत आधीपासूनच नसतात. खरोखर पुसून टाकावी लागतात ती शेजारच्या उशीवरची. आणखी एक गोष्ट आज ध्यानात येते. हा एकटेपणा आम्ही एकमेकांना मोठ्याने सांगत होतो. ऐकायला कुणी नसते तर या बेतांत रस राहिला नसता. एकटे असण्याची नुसती कल्पना करायलाही आम्हांला तिघे लागत होतो.

त्याच वर्षीच्या दिवाळीत घरी टीव्ही गेम आला. ती एका जपानी यंत्राची नक्कल होती, हे फार पुढे कळले. निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये जे यंत्र विक्रीला आणले, त्याचे नाव 'फॅमिली कॉम्प्युटर' असे होते. त्याच्या नाना नावांच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या दुकानांत मिळत. सोबतच्या पिवळ्या कॅसेटवर ९९९९ खेळ असल्याचे छापलेले असे. प्रत्यक्षात तेच वीसपंचवीस खेळ नावे आणि रंग बदलून फिरत राहत. कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारायची. टीव्हीची काच खराब होईल या भीतीने आई तासाभराने वीज बंद करी.

मूळ यंत्राला दोन रिमोट होते आणि दोन्ही वायरीने यंत्राला कायमचे जोडलेले होते. काढून वेगळे करता येत नसत. आमच्या नकलेतही तसेच होते. हे दोन रिमोट सारखे नव्हते. पहिल्यावर 'स्टार्ट' आणि 'सिलेक्ट' ही दोन बटणे होती, दुसऱ्यावर ती नव्हती. म्हणजे खेळ केव्हा सुरू करायचा, कोणता निवडायचा आणि मध्येच केव्हा थांबवायचा, हे सारे पहिल्याच्या हाती. दुसऱ्याने नुसते खेळायचे. मूळ जपानी यंत्रात दुसऱ्या रिमोटवर त्या बटणांच्या बदली एक चिमुकला मायक्रोफोन बसवलेला होता. हुकूम सोडण्याचा अधिकार पहिल्याला आणि आवाज दुसऱ्याला, अशी ती वाटणी. १९८६ सालचा 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा एकट्याने खेळायचा खेळ. पण त्याच्या जपानी आवृत्तीत लांब कानांचे काही राक्षस असे होते, की त्यांना दुसरा रिमोट उचलून त्यात ओरडून मारता येई. आमच्या नकलेत तो मायक्रोफोन नव्हता. धाकटीला त्याची उणीव कधी भासली नाही. तिचा आवाज तसाच पोचत असे.

भावंडांचे नाते काय असते, याचे बरेचसे शिक्षण आम्हांला या खेळांच्या नियमांनी दिले. प्रत्येक खेळाचा न्याय निराळा होता. 'सुपर मारिओ' दोघांना खेळता येई, पण एकत्र नाही. एकाचा मारिओ मरेपर्यंत दुसऱ्याने हातात रिमोट धरून बसून राहायचे. शेजारी बसून भावाच्या मरणाची वाट पाहणे, तो खड्ड्याजवळ गेला की श्वास रोखणे, तो वाचला तर मनातून खट्टू होणे आणि तोंडाने 'मस्त!' म्हणणे, हा सगळा मनोव्यापार आम्ही त्या वयातच पुरेपूर अनुभवला. महाभारत वाचताना पुढे त्याचा उपयोग झाला.

'बॅटल सिटी'ला, म्हणजे १९८५ च्या त्या रणगाड्यांच्या खेळाला, आम्ही नुसते 'टँक' म्हणत असू. त्यात दोघे एकाच पडद्यावर, एकाच बाजूने लढतात. खाली मधोमध विटांच्या कुंपणात एक गरुड बसलेला असतो, तो वाचवायचा. शत्रूचे वीस रणगाडे संपले की पुढची पातळी येते. आपली गोळी चुकून जोडीदाराला लागली तर तो मरत नाही, काही क्षण जागच्या जागी खिळून राहतो. गरुड मात्र आपल्याच गोळीनेही मरतो, आणि तो मेला की कुणाच्या किती लाइफ शिल्लक आहेत याला काही अर्थ उरत नाही. आमच्या घरी शत्रूच्या हातून गेलेल्या गरुडांपेक्षा आपसांतल्या रागाने मारलेले गरुड पुष्कळ जास्त असतील.

'काँट्रा'चा न्याय सर्वांत खोल होता. धबधब्याच्या पातळीवर दोघांनी कड्यावरून वर वर चढायचे असते. वरचा जसा चढेल तसा पडदा वर सरकतो. खालचा मागे राहिला तर पडद्याच्या खालच्या कडेबाहेर जाऊन मरतो. वरच्याने त्याला मारलेले नसते. तो फक्त पुढे गेलेला असतो. पण त्याच खेळात अशीही सोय होती, की एकाच्या लाइफ संपल्या तर जोडीदाराच्या शिलकीतून घेता येत. परवानगी लागत नसे. बटण दाबले की झाले. त्यामुळे थोरला जपून जपून साठवी आणि धाकटी निःशंकपणे उचली. "माझी लाइफ का घेतलीस?" या प्रश्नाला तिचे उत्तर असे, "तुझ्याकडे होती म्हणून."

दोन रिमोट आणि तीन भावंडे, हा हिशेब कधीच जुळला नाही. एक जण नेहमी बाहेर असे. आमच्या अनुभवात एकटेपणाच्या सर्वांत जवळ जाणारी जागा हीच होती: सतरंजीवर, दोघांच्या मागे, रिकाम्या हाताने. गच्चीवरच्या त्या बेतांत थोरल्याने कॅसेटींचा ढीग रचला की धाकटी विचारी, दुसरा रिमोट कोण धरणार? थोरल्यापाशी याचे उत्तर नसे. शेवटी तो म्हणे, दोन्ही मीच धरीन. तसे त्याने एकदा करूनही पाहिले. दोन रिमोट मांडीवर घेऊन एका हाताने एक असे 'टँक' खेळणे दोन मिनिटांच्या वर जमत नाही. दुसरा रणगाडा कोपऱ्यात उभा राहतो, आणि त्याच्याकडे पाहवत नाही.

पुढे मधल्याला महाविद्यालयात बृहदारण्यकोपनिषद वाचायला मिळाले. पहिल्या अध्यायाच्या चौथ्या ब्राह्मणात सृष्टीच्या आरंभीच्या एकट्याची गोष्ट आहे. आरंभी तो एकच होता. त्याने सभोवार पाहिले तर आपल्यावाचून दुसरे काही दिसेना. प्रथम त्याला भय वाटले. मग त्याने विचार केला, माझ्यावाचून येथे कुणी नाही तर मी भ्यावे कुणाला? भय वाटायचे ते दुसऱ्याचे. आणि त्याचे भय गेले. गोष्ट येथे संपती तर ती निर्भयतेची झाली असती. पण उपनिषद पुढे जाते: भय गेले तरी त्याला करमेना, म्हणून एकट्याला करमत नाही, म्हणून त्याला दुसरे कुणीतरी असावेसे वाटले. या दोन पायऱ्यांचा क्रम आम्हांला फार मार्मिक वाटतो. ज्याच्यापासून भय, त्याच्याचवाचून करमत नाही. भाष्यकारांनी यातून काय काढले ते त्यांच्या ठायी योग्यच आहे. आम्हांला त्यात कोपऱ्यात उभा राहिलेला तो दुसरा रणगाडा दिसतो.

महाभारताच्या वनपर्वात याचेच दुसरे टोक आहे. प्रलयानंतर सगळीकडे पाणीच पाणी आहे आणि त्यात मार्कंडेय ऋषी एकटे भटकत आहेत. थकून गेल्यावर त्यांना वडाच्या फांदीवर एक बालक दिसते. त्या बालकाच्या मुखातून ते त्याच्या उदरात जातात, तर तेथे नद्या, नगरे, माणसे असे बुडालेले सगळे जग जसेच्या तसे. पृथ्वीवर शेवटी उरलेल्या माणसाच्या या कथेत हरवलेले जग सापडते ते एका मुलाच्या पोटात. आम्हांला यात रूपक शोधायचे नाही. एवढेच, की आमच्या बाबतीतही पुढे काहीसे तसेच घडले.

पाश्चात्त्य वाङ्मयात या कल्पनेचा आद्यपुरुष म्हणून रॉबिन्सन क्रूसोचे नाव घेतले जाते. डॅनिएल डिफोची ती कादंबरी १७१९ सालची. तिच्यामागे ज्याची खरी हकीकत होती असे मानतात, तो अलेक्झांडर सेलकर्क हा स्कॉटलंडमधल्या लार्गो गावचा खलाशी. चिलीपासून दूर एका निर्जन बेटावर तो १७०४ ते १७०९ अशी चार वर्षे चार महिने एकटा होता. कप्तानाशी भांडून, गळके जहाज बुडेल म्हणून तो स्वतःच उतरला. उतरल्याबरोबर त्याला पश्चात्ताप झाला, पण कप्तानाने परत घेतले नाही. सुटका झाली तेव्हा त्याची वाचा इतकी मोडली होती की शब्द अर्धेच बाहेर पडत, असे त्याला परत आणणाऱ्या वूड्स रॉजर्सने लिहून ठेवले आहे. हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याआधीची एक बारीक गोष्ट चरित्रांतच राहून जाते. १७०१ साली लार्गोच्या चर्चपुढे या सेलकर्कला घरातल्या मारामारीबद्दल उभे करण्यात आले होते. धाकटा भाऊ अँड्र्यूने आणलेले खारे पाणी तो चुकून प्यायला. धाकटा हसला. एवढ्यावरून त्याने धाकट्याला काठीने बडवले आणि वर पिस्तूल आणायला निघाला. तेव्हा त्याला अडवायला बाप दाराला पाठ लावून जमिनीवर बसला. जगप्रसिद्ध एकटेपणाच्या या कथेमागे अशी एक भावंडांची कथा आहे. चार वर्षे त्या बेटावर बोकडांच्या मागे धावताना त्याला ते हसणे किती वेळा आठवले असेल, याची नोंद कुठेच नाही.

मेरी शेलीच्या 'द लास्ट मॅन' या १८२६ च्या कादंबरीतला लायोनेल व्हर्नी एकविसाव्या शतकाच्या अखेरीस साथीतून एकटा वाचतो. तिने ती लिहायला घेतली तेव्हा नवरा बुडून गेला होता, तीन मुले गेली होती, स्नेही गेले होते. आपल्या माणसांतली आपणच शेवटची उरलो, असे तिने १८२४ मध्ये रोजनिशीत नोंदले आहे. व्हर्नीच्या गोष्टीचा आरंभ मात्र दोन पोरक्या भावंडांपासून होतो: तो आणि त्याची बहीण पर्डिटा. शेवटच्या माणसालाही, मी कोण, हे सांगायचे तर बहिणीपासूनच सुरुवात करावी लागते.

आमचे वडील २०१८ मध्ये गेले. आई त्याआधीच गेली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले आणि आमच्या घराच्या तळमजल्यात शिरले. पाणी ओसरल्यावर चिखल काढता काढता घराचे काय करायचे हा प्रश्न निघाला. पुण्याला असलेल्या थोरल्याचे म्हणणे, विकावे. त्या घरात राहत असलेल्या मधल्याचे म्हणणे, दुरुस्त करावे. अमेरिकेतल्या धाकटीचे म्हणणे, दोघांनी ठरवावे. आणि तेच दोघांनाही सर्वांत जास्त लागले. त्यानंतर जे बोलणे झाले ते लिहिण्यासारखे नाही. कुणाचे बरोबर होते याबद्दल आजही आमचे एकमत नाही. त्या वर्षीच्या दिवाळीपासून आम्ही एकमेकांशी बोलणे बंद केले. मराठीत बोलणाऱ्याला ऐकणाऱ्यासह घेणारे 'आपण' आणि ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारे 'आम्ही' असे दोन शब्द आहेत. संस्कृतातले दोघांपुरते 'आवाम्' मराठीने टाकून दिले. त्या काळात आमच्यापैकी प्रत्येकाच्या बोलण्यात 'आम्ही' म्हणजे ज्याचा त्याचा संसार होता. घराबद्दल बोलताना तर 'आपण' कुणाच्याच तोंडून निघत नव्हते.

मग २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू आला आणि २५ तारखेपासून टाळेबंदी. गच्चीवरचा बेत पंचवीस वर्षांनी तंतोतंत खरा झाला. दुकाने बंद, शाळेला कुलूप, रस्त्यावर कुणी नाही. मधला सकाळी दूध आणायला जाई तेव्हा गावभागात स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येई. थोरल्याला पुण्यात भर दुपारी कोकीळ ऐकू येई. लहानपणी ज्याची चैन वाटली होती ते सगळे समोर होते, आणि त्याचे काय करायचे ते सुचत नव्हते. रिकाम्या रस्त्याची मौज ज्याला सांगायची तोच नसला की तो नुसता रिकामा रस्ता असतो.

थोरल्याचा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. तो 'माइनक्राफ्ट' खेळे. या खेळाच्या संगणकावरील मूळ आवृत्तीतले जग दोन्ही दिशांना सुमारे साठ हजार किलोमीटर पसरते. एका ठोकळ्याची बाजू एक मीटर धरली तर ते क्षेत्रफळ खऱ्या पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या सुमारे सातपट भरते. एकट्याने खेळायला बसले तर त्या सात पृथ्व्यांवर आपल्यावाचून दुसरा माणूस नाही. गावकरी भेटतात, पण ते नुसते हुंकारतात. या खेळाभोवती २०१० मध्ये एक दंतकथा उगवली. एकट्याच्या जगात, दूर धुक्यात, पांढऱ्या डोळ्यांची एक आकृती उभी दिसते. तिचे नाव हेरोब्राइन. आणि ती म्हणे खेळाच्या निर्मात्याचा मेलेला भाऊ. निर्माता मार्कुस पेर्सन याने असा कुणी भाऊ नसल्याचे सांगितले. तरी कथा मरेना. तेव्हा २०११ पासून नव्या आवृत्तीतील बदलांच्या यादीत कंपनी विनोदाने 'हेरोब्राइन काढून टाकला' अशी ओळ घालू लागली. जो कधी नव्हताच, तो पुन्हा पुन्हा काढून टाकावा लागतो. पूर्ण रिकामे जग हाती आल्यावर लोकांनी त्यात पहिली भर घातली ती एका भावाची.

मुलाला खेळायला मित्र मिळेनात, म्हणून त्याने आपल्या जगात काकाला आणि आत्याला बोलावले. त्याला आमच्या भांडणाची माहिती होती की नव्हती, हे आम्ही विचारलेले नाही. तो म्हणाला तेव्हा नाही म्हणणे कुणालाच जमले नाही. सांगलीची रात्र आणि धाकटीकडची सकाळ, अशा वेळी आम्ही तिघे त्या मुलाच्या जगात चौकोनी शरीरे घेऊन हिंडू लागलो. आवाज बंद असे. लिहायचे असेल तर खाली लिहिता येई. कुणी लिहीत नसे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी धाकटीने मोकळ्या माळावर विटांचे एक कुंपण बांधले: डावीकडे, उजवीकडे आणि वर, खालची बाजू उघडी. आत सोन्याचा एक ठोकळा ठेवला. मुलाने विचारले, आत्या, हे कसले घर? याला दार नाही, छप्पर नाही. तिने उत्तर दिले नाही. थोरला येऊन समोर उभा राहिला. बराच वेळ उभा होता. मग त्याने कुदळीने एक वीट काढली. त्याबरोबर मधल्याने खाली लिहिले, "वीट काढू नकोस." थोरल्याने ती परत बसवली आणि लिहिले, "तू डावीकडे थांब. मी उजवीकडे बघतो." दोघा भावांमध्ये सहा महिन्यांनी झालेला हा पहिला व्यवहार. धाकटीने लिहिले, "आणि मी?" मुलाने आपल्या जगात तिघांना एकदम खेळता येते, एवढेच तिला कळवले.

यातून सगळे सुरळीत झाले असे म्हणता येणार नाही. घर २०२२ मध्ये विकले गेले आणि मधल्याच्या मनातली अढी अजून पूर्ण गेलेली नाही. व्यवहाराआधी वकिलांच्या सांगण्यावरून घरातल्या वस्तूंची यादी करून प्रत्येकीपुढे नाव घालायचे होते. शिलाई मशीन धाकटीला, पुस्तकांचे कपाट मधल्याला, पितळी भांडी तीन भाग करून. टीव्ही गेम माळ्यावर असल्यामुळे पुरातून वाचला होता. तो चालत नाही. आणि चालला तरी हल्लीच्या घरांतल्या टीव्हींना त्याची वायर लागत नाही. त्याच्यापुढे नाव लिहिताना पेन थांबले. दोन्ही रिमोट यंत्राला जोडलेले असल्यामुळे त्याचे भाग पडत नव्हते, आणि तो कुणा एकाला देण्याइतका निरुपयोगी आम्हां तिघांनाही वाटत नव्हता. शेवटी यादीत अशी नोंद झाली: टीव्ही गेम, दोन रिमोटसह, नग १, सामाईक.